घरगुती कचरा वर्गीकरण : पुण्याचा प्रयोग

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले. मात्र निव्वळ कायद्याने सवय लागत नाही; कचरा कोण नेते, यावर बरेच अवलंबून असते. पुणे महानगरपालिकेने २००८ मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी करार केला. कचरावेचक महिला दारोदारी जातात, घरटी मासिक शुल्क घेतात आणि सुक्यातील कागद, प्लास्टिक, काच भंगारात विकतात. वर्गीकरणावर त्यांची कमाई ठरते, म्हणून मिसळलेली बादली दारातच लक्षात येते आणि घरच्यांना तिथेच सांगितले जाते. सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धतही येथे रुजवली गेली. त्यामुळे ते उघडून पाहण्याची नामुष्की टळते.