दाबलं की उजळतं?

आमच्या ठाण्याची खाडी दक्षिणेला रुंदावत जाते, तिच्या पश्चिम काठावर ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजगोपाल चिदंबरम एका प्रश्नामागे लागले: प्रचंड दाबाखाली प्लुटोनियमची घनता किती होते? १९७४ च्या पोखरणसाठी हे गणित हवं होतं, आणि ते कोणी आयतं देणार नव्हतं. त्यातूनच तिथे उच्च दाबाचं भौतिकशास्त्र रुजलं. पुढे हिऱ्यांची ऐरणही तिथेच बनवली गेली.

ऐरण म्हणजे दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मध्ये कणभर नमुना, आणि स्क्रू आवळायचा. बस्स! १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झाली. गंमत म्हणजे हिरे तस्करांकडून जप्त केलेले! हिरा पारदर्शक, त्यामुळे दाबता दाबता आत बघताही यायला लागलं. १९७२ मध्ये तिथेच दाब मोजायची युक्ती निघाली. आत माणकाचा कण ठेवायचा. लेझर पडला की तो ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, आणि दाबाबरोबर हा रंग ठरावीक प्रमाणात सरकतो.

म्हणजे आधी प्रकाशाने दाब मोजला. मग प्रश्न उलटा झाला: दाबाने प्रकाश बदलता येईल?

थरांचे पेरोव्स्काइट घ्या. शिसं-ब्रोमीनसारख्या अणूंच्या अष्टफलकांचा एक थर, मग मऊ सेंद्रिय रेणूंचा, पुन्हा अष्टफलक... डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. आधी माणसं जवळ सरकतात, जागा संपली की अंग तिरकं करतात. अणूंचंही तसंच. बंध आखूड झाले की प्रकाश लालसर होतो. अष्टफलक तिरके झाले की बऱ्याचदा निळ्याकडे परततो. फारच दाबलं तर रचना मोडते आणि दिवा विझतो.

पण २०१९ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने चांदी-बिस्मथचा थरांचा पेरोव्स्काइट दाबला. एरवी न चमकणारा हा पदार्थ सुमारे २५ हजार वातावरणांच्या दाबाखाली चक्क उजळला! अष्टफलक वेडेवाकडे झाले की ऊर्जा जागीच अडकते, आणि उष्णतेत वाया न जाता प्रकाश होऊन बाहेर पडते.

आता घरातला दिवा काही कोणी हिऱ्यांत दाबून लावणार नाही. पण कुठला वाकडेपणा प्रकाश देतो हे कळलं, की तोच वाकडेपणा रसायनाने, दाबाशिवाय, आणायचा प्रयत्न करता येतो. खरी कमाई ती.

एकीकडे बॉम्बचं गणित, दुसरीकडे दिव्याचं कोडं... ऐरण मात्र एकच.