भट्टी विझल्यानंतर

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार ह्या गांवाचें नांव आज पाणलोटाच्या कामामुळें देशभर झालें आहे. परंतु पाणी अडविण्यापूर्वीं त्या गांवास दारू अडवावी लागली, ही गोष्ट सांगतांना लोक बहुधा घाईनें पुढें जातात. १९७२ च्या दुष्काळानें गांवाचें कंबरडें मोडलें. शेत पिकेना, कोणी मजुरीसाठीं बाहेर गेले, कोणी दारू गाळूं लागले. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हां त्या लहानशा गांवांत २२ भट्ट्या होत्या असें सांगतात. गांवानें एकमुखानें त्या बंद केल्या, आणि भट्टीवाल्यांस दुसरा धंदा काढतां यावा म्हणून बँकेचें कर्जही मिळवून दिलें. विकणाऱ्याच्या चुलीचा असा विचार फार थोड्या गांवांनीं केला असेल.

पण पिणाऱ्याचें काय? भट्टी विझली तरी त्याची तहान विझत नाहीं, आणि शेजारच्या गांवची वाट कांहीं बंद होत नाहीं. जवळच्या पारनेर तालुक्यांत, राळेगण सिद्धि येथें, श्री. अण्णा हजारे यांच्या काळीं न ऐकणाऱ्यांस खांबास बांधून मार दिला जाई. तो मार्ग आम्हांस रुचत नाहीं. मारानें भय उत्पन्न होतें. आणि भ्यालेला मनुष्य प्रथम काय शिकतो, तर लपून पिणें.

ह्याहून निराळा एक मार्ग १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं सांपडला. बिल विल्सन नांवाचा दलाल धंद्यांत अपयश येऊन एका हॉटेलाच्या दिवाणखान्यांत उभा होता. कांहीं महिन्यांपूर्वींच त्यानें दारू सोडली होती. एका बाजूस पानगृहांतील हंशाचा आवाज, दुसऱ्या बाजूस भिंतीवर शहरांतील चर्चांची यादी. त्यानें टेलिफोन उचलून एका धर्मोपदेशकास विचारिलें, “येथें माझ्यासारखा कोणी दारूडा आहे काय? मला त्याच्याशीं बोलावयाचें आहे.” एकाकडून दुसऱ्याकडे असा शोध लावीत १२ मे रोजीं त्याची गांठ डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशीं पडली. डॉक्टरांनीं पंधरा मिनिटेंच कबूल केलीं होतीं. बोलणें रात्रींपर्यंत चाललें. उपदेश त्यांनीं पुष्कळ ऐकला होता. हा गृहस्थ मात्र स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं आला होता! १० जून रोजीं डॉक्टरांनीं शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजे अनामिक मद्यपींच्या मंडळाचा स्थापनादिन मानितात.

ह्या कार्यास आपल्या धर्मभगिनींचा हातभार लवकरच लागला. १९३९ पासून ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत सिस्टर इग्नेशिया ह्या मद्यप्यांस दाखल करून घेऊं लागल्या; प्रारंभीं तर पोटाच्या विकाराचें निमित्त लिहून! बरा होऊन निघालेल्याच्या हातीं त्या येशूच्या पवित्र हृदयाचें एक चिन्ह देत, आणि पुन्हा पिण्याची इच्छा झाल्यास आधीं तें परत आणून द्यावें, अशी अट घालीत. १९४० सालीं येशूसंघीय फादर एडवर्ड डाऊलिंग विल्सनला भेटावयास गेले. मंडळाच्या बारा पायऱ्या व संत इग्नाती यांची आध्यात्मिक साधना यांतील साम्य त्यांना विलक्षण वाटलें होतें. विल्सनला मात्र त्या साधनेची माहिती नव्हती.

भारतांत हें मंडळ १९५७ सालीं मुंबईस सुरू झालें. १९८१ सालीं वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारांत फादर ज्यो परेरा यांनीं ‘कृपा’ संस्था काढली. आपण स्वतः मद्यपाशांतून सुटलों, हें फादर उघडपणें सांगत आले. १९८६ च्या ऑगस्टांत पुण्यास डॉ. अनिता व श्री. अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. तेथें मद्यप्यांच्या पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे. घरांतील सोसणाऱ्यांचा विचार आधीं व्हावयास हवा होता, असें आम्हांस वाटतें.

अशा बैठकींत चालतें तें फार साधें. फी नाहीं, नोंदवही नाहीं, आडनांव विचारीत नाहींत. पिणें थांबविण्याची इच्छा एवढीच अट. एकेक जण उठून आपली हकीकत सांगतो, बाकीचे मुकाट्यानें ऐकतात. ‘जन्मभर’ हा शब्द कोणी काढीत नाहीं. आजचा दिवस कोरडा गेला म्हणजे झालें. पापनिवेदनाशीं ह्याचें नातें आहे, परंतु हा संस्कार नव्हे आणि वैद्यकीय उपचारही नव्हे. रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकाएकीं सोडल्यास कंप व झटके येतात, प्रसंगीं जिवावर बेततें. त्यानें आधीं डॉक्टरांकडे जावें.

बैठक शोधणें हें खेड्यांतील मनुष्यास कठीण. पुष्कळ बैठका चर्चच्या वा शाळेच्या खोलींत भरतात, म्हणून फादरांस विचारणें बरें. नाहीं तर मोटारींतून शहर गांठावें लागतें. तेथें गेल्यावर दाराशीं पाय अडखळतो. गुत्त्याकडे दिवसाढवळ्या जाणारा मनुष्य ह्या दाराशीं मात्र मागेंपुढें पाहतो, कोणी ओळखीचें दिसेल म्हणून. आंत ओळखीचें कोणी दिसलेंच, तर तोही त्याच कामास आलेला असतो.

जवळ बैठक नसेल तर? मंडळाच्या नियमाप्रमाणें दोघे-तिघे मद्यपी शुद्धीवर राहण्याच्या हेतूनें एकत्र आले, कीं त्यांनीं स्वतःस गट म्हणवून घ्यावें. ॲक्रनमध्यें दोघेच होते. धर्मग्रामाच्या सभागृहांत आठवड्यांतून एक सायंकाळ, चार खुर्च्या आणि चहाची किटली एवढ्यावर असा गट उभा राहतो. किल्ली कोणाकडे असते, तें सर्वांस ठाऊक आहेच.