सोनार की ज्युपिटर? एका लेन्सची उलटतपासणी

स्मरणिकेसाठी 'बँकेतल्या आठवणी' लिहा, असा आपल्या सेक्रेटरींचा आग्रह होता. बँकेतल्या आठवणी मी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि गच्चीवर इतक्या वेळा ऐकवल्या आहेत की सभासदांना त्या माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. म्हणून यंदा एका वस्तूचा इतिहास लिहितो. वस्तू आपल्याच बी विंगमधली आहे, तिचं मूळ जर्मनीत आहे, आणि तिच्या बाबतीत एक मोठी चूक माझ्या हातून झालेली आहे.

सर आपल्या सगळ्यांना आठवत असतील. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रिकाम्या वेळात फोटो काढायचे. २००१ च्या २६ जानेवारीला आपल्या सोसायटीत पहिलं झेंडावंदन झालं. कंपाउंडची भिंतसुद्धा तेव्हा पुरी झाली नव्हती. या स्मरणिकेत छापलेला त्या दिवसाचा कृष्णधवल फोटो सरांनीच काढला आहे. त्यांच्याकडे झोर्की नावाचा रशियन कॅमेरा होता आणि त्याला एक छोटीशी चकचकीत लेन्स होती. लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर रोमन अक्षरांत 'कार्ल झाइस येना, सोनार, १:१.५, ५ सेंमी' असं कोरलेलं होतं. बाजूला एक लाल 'टी' आणि सात आकडी नंबर.

ही लेन्स १९९६ साली मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली. सरांबरोबर मी होतो. दुकानदाराने साडेचार हजार सांगितले. चित्रकलेच्या शिक्षकाला तेव्हा ही रक्कम लहान नव्हती. सर घुटमळले, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लेन्स हातात घेतली, कडं वाचलं आणि म्हणालो, "नाव कोरलंय, नंबर आहे. घ्या बिनधास्त." थोडक्यात, मीच ती पास केली.

सरांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा जानेवारीतल्या सभेत वहिनींनी जाहीर केलं की ती लेन्स विकून येणारी रक्कम सरांच्या नावाने सोसायटीच्या वाचनालयाला देणार. मेलबर्नच्या चिरंजीवांनी चौकशी केली होती. युद्धकाळातली अशी सोनार अस्सल निघाली तर किंमत लाखांत जाते, असं त्यांना कळलं होतं. सभेत टाळ्या पडल्या. मग वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, विकायच्या आधी तुम्ही एकदा नीट बघा. तुमचा हात लागला की मला काळजी नाही." आणि मी अभ्यासाला बसलो.

आधी येना. हे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं गाव. कार्ल झाइस यांनी १८४६ साली तिथे छोटं वर्कशॉप काढलं. काम मुख्यतः सूक्ष्मदर्शकाचं. त्या काळी भिंगं अंदाजाने घासून बघत बनवायची पद्धत होती. झाइस यांनी १८६६ साली एर्न्स्ट अ‍ॅबे या भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी घेतलं आणि भिंग आधी गणिताने कागदावर तयार होऊ लागलं. पण गणिताला हवी तशी काच मिळेना. ती ओटो शॉट यांनी दिली. १८८४ साली येनातच त्यांचा काचकारखाना उभा राहिला. झाइस यांच्या निधनानंतर अ‍ॅबे यांनी मालकी स्वतःकडे न ठेवता कारखाना एका प्रतिष्ठानाच्या हवाली केला आणि १९०० साली कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. आम्हा बँक युनियनवाल्यांना हा माणूस आवडायलाच हवा.

फोटोच्या लेन्समध्ये झाइसची कीर्ती पाउल रुडॉल्फ यांनी वाढवली. १८९६ ची प्लानार आणि १९०२ ची टेसार या त्यांच्या लेन्स. आपली सोनार त्यानंतरची. १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि गाजला. त्याला उत्तर म्हणून झाइस इकॉनने १९३२ साली काँटॅक्स आणला. त्यासाठी लुडविग बेर्टेले यांनी सोनार लेन्स तयार केली, एक १:२ ची आणि दुसरी आणखी तेज, १:१.५ ची.

बेर्टेले यांचं कौतुक कशासाठी, ते समजायला थोडा हिशेब करू. हवेतून काचेत शिरताना आणि काचेतून हवेत येताना दर वेळी चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. हे उलटं चक्रवाढ व्याज समजा. पाच टक्क्यांनी धरलं तर असे आठ पृष्ठभाग पार करताना शंभरातले ६६ उरतात, सहा पार करताना ७३ ते ७४. शिवाय परत फिरलेला प्रकाश आतल्या आत भटकून चित्र फिकं करतो. बेर्टेले यांनी भिंगं एकमेकांना चिकटवून त्यांचे तीनच गट केले, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. १९३५ साली झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली. लेन्सवरचा लाल 'टी' ही त्या थराची खूण.

मग युद्ध आलं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा येनात पोचल्या. पण ठरलेल्या वाटणीप्रमाणे तो भाग रशियनांकडे जायचा होता. म्हणून निघताना अमेरिकनांनी निवडक शास्त्रज्ञ आणि व्यवस्थापक बरोबर नेले. त्यांनी पश्चिम जर्मनीत ओबरकोखेनला नवं झाइस उभं केलं. जुलैत रशियन आले. युद्धाची भरपाई म्हणून यंत्रं, साचे, सुटे भाग, काच गाड्या भरभरून सोव्हिएत युनियनला गेली. १९४६ च्या ऑक्टोबरात झाइसचे तंत्रज्ञही कुटुंबांसकट नेले गेले.

एका झाइसची अशी दोन झाली आणि नावासाठी कोर्टकज्जे सुरू झाले. भाऊबंदकी काही आपल्याकडेच नसते. पुढे पूर्व जर्मनीच्या लेन्सवर काही देशांसाठी पूर्ण नाव न छापता नुसतं 'आउस येना', म्हणजे 'येनाहून', आणि टेसारसाठी नुसता 'टी', सोनारसाठी नुसता 'एस' छापत. हा 'टी' आणि लाल 'टी' यांत गल्लत करू नये. नंतर जर्मनी एक झाली तशी दोन्ही घरंही एक झाली.

इकडे काँटॅक्सची यंत्रसामग्री गेली कीवला आणि तिथे 'कीव' नावाचाच कॅमेरा निघाला. सोनारचं गणित गेलं मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला. सुरुवातीच्या लेन्समध्ये जर्मनीहून आणलेली काच वापरली गेली. पुढे रशियन काचेप्रमाणे आराखडा बदलला आणि १९५० च्या सुमारास लेन्सचं नाव झालं 'ज्युपिटर'. १:२ च्या सोनारची झाली ज्युपिटर-८, १:१.५ ची झाली ज्युपिटर-३. या लेन्स कीवसाठी काँटॅक्सच्या खाचेत बनल्या, आणि झोर्की व फेड या लायकाच्या रशियन नकलांसाठी ३९ मिलिमीटरच्या आट्यांतही बनल्या.

इथेच फसवणुकीची जागा आहे. झाइस सोनार बनवायचं ते स्वतःच्या काँटॅक्ससाठी. लायकाच्या आट्यांची सोनार युद्धकाळात थोडीच बनली, म्हणून ती दुर्मीळ आणि महाग. ज्युपिटर मात्र ढिगाने बनलेली, स्वस्त, आणि आतली रचना त्याच घराण्यातली. रशियन कडं काढायचं, 'कार्ल झाइस येना' कोरलेलं कडं बसवायचं, की काम झालं. सोव्हिएत युनियन कोसळल्यानंतर असा माल जगभर पसरला. झोर्की आणि फेडवर लायकाचं नाव कोरून विकणारेही होते. आपल्या मराठीत 'रशियन बनावट' या शब्दांचे दोन अर्थ होतात. इथे दोन्ही लागू.

आता उलटतपासणी. पहिली शंका आट्यांचीच. दुर्मीळ प्रकार सहज हाती आला तर आनंद होण्याआधी संशय यावा. दुसरी गोष्ट नंबर. युद्धकाळातले झाइसचे नंबर सत्तावीस-अठ्ठावीस लाखांच्या घरात असतात. रशियन नंबरही बऱ्याचदा सात आकडी, पण पहिले दोन आकडे सहसा वर्षाचे, म्हणजे ५७ ने सुरू झाला तर १९५७ चा माल. सरांच्या लेन्सचा नंबर अठ्ठावीस लाखांतला होता. खोटं करणाऱ्याने एवढा गृहपाठ केलेला होता.

तिसरी गोष्ट अंतराची पट्टी. मीटरसाठी जर्मन लेन्सवर छोटा रोमन 'एम' असतो. इथे होतं ते मोठ्या 'एम'चं बुटकं रूप. रशियन लिपीत छोटा 'एम' तसाच लिहितात.

आणि चौथ्या गोष्टीने मला खुर्चीतच बसवलं. तोंडावरचं कडं सांगतं १:१.५. मागे अ‍ॅपर्चरचं कडं आहे, त्यावर आकडे आहेत २, २.८, ४, ५.६. दीडचा आकडाच नाही! आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत अक्षरी रक्कम एक आणि अंकी रक्कम दुसरी. असा चेक नवशिका क्लार्कसुद्धा परत करतो, आणि मी १९९६ साली तो भर दुकानात पास केला होता.

खात्री म्हणून फूटपट्टी घेतली. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सचा हा आकडा दीड असेल तर पन्नास भागिले दीड, म्हणजे समोरून दिसणारं पूर्ण उघडं छिद्र तेहतीस मिलिमीटरच्या आसपास हवं. आकडा दोन असेल तर पंचवीस. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोजलं. पंचवीस. सरांची सोनार ही ज्युपिटर-८ होती. किंमत काही हजार.

दोन रात्री नीट झोप लागली नाही. टाळ्या पडल्या होत्या, वाचनालयाच्या पाटीचा मजकूरसुद्धा ठरला होता. पण सोनारानेच कान टोचावेत, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेलो आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, १९९६ च्या माझ्या शिफारशीसकट. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग उठल्या आणि कपाटातून सरांची एक लांब वही आणली. "यात ह्यांनी प्रत्येक रोलचं लिहून ठेवलंय. काही उपयोग होतो का बघा."

वही म्हणजे आमच्या लेजरची बहीण शोभेल अशी. तारीख, रोल, लेन्स, अ‍ॅपर्चर, स्थळ, सगळे रकाने आखलेले. १९९६ पासून लेन्सच्या रकान्यात 'सोनार १.५'. झेंडावंदनाच्या रोलसमोरही तेच. नोव्हेंबर २००१ च्या एका पानावर समासात पेन्सिलने एक वर्तुळ काढलेलं, त्याखाली चित्रकलेच्या शिक्षकाच्या सुबक अक्षरात '२५ मि.मी.' आणि पुढे 'ज्यु. ८?' असं लिहिलेलं. त्या पानानंतर शेवटपर्यंत लेन्सच्या रकान्यात 'ज्यु. ८'. प्रश्नचिन्हही नाही.

म्हणजे सरांना वीस वर्षं माहीत होतं. आणि त्या वीस वर्षांत दर कोजागिरीला गच्चीवर कॅमेरा गळ्यात अडकवून ते मला म्हणायचे, "चला साहेब, तुमच्या सोनारसमोर उभे राहा."

वहिनींना मी ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "मग तुम्हाला कधी बोलले कसे नाहीत?" मी काहीच बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, "पास तुम्ही केलेली ना," आणि हसल्या. नंतर डोळे पुसून चहा टाकायला गेल्या.

लेन्स विकली नाही. वहिनींनी सरांची चित्रकलेची पुस्तकं वाचनालयाला दिली. ज्या कपाटात ती ठेवली आहेत त्याच्याच काचेमागे झोर्की आणि ही लेन्स आहे. शेजारच्या कार्डावर 'ज्युपिटर-८, सोव्हिएत युनियन' असं लिहिलंय. अक्षर माझं आहे. कोणाच्या माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर जरूर घेऊन या, आपण मिळून बघू. येताना फूटपट्टी आणा, आणि नाव वाचून झाल्यावर मागचे आकडेही वाचा.