स्वचाचणी व अंतराने उजळणी

विद्यापीठीय अभ्यासात परिणामकारक ठरलेल्या दोन सवयी. वाचलेला भाग पुस्तक मिटून आठवून पाहणे ही स्वचाचणी. तोच भाग एका बैठकीत न घोकता काही दिवस मध्ये सोडून पुन्हा हाती घेणे ही अंतराने उजळणी.

अंतराचा लाभ प्रथम मोजला तो जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी. निरर्थक अक्षरगटांच्या माळा पाठ करून त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. बारा अक्षरगटांची माळ सलग ६८ वेळा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जेवढी लक्षात राही, तेवढीच ती तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीही राहत असे.

स्वचाचणीचा गाजलेला प्रयोग २००६ चा. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांवरचे उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रे वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

शिवाय आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचे ते येतेच, असा समज होतो. रात्र रात्र जागून वह्या चाळणारे मेहनती विद्यार्थी इथेच फसतात, म्हणून या सवयी प्रथम वर्षापासून लावायला हव्यात. जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दहा अभ्यासतंत्रांचा आढावा घेतला, तेव्हा या दोन्ही सवयी सर्वाधिक उपयुक्त ठरल्या; ओळी अधोरेखित करणे व पुनर्वाचन तळाच्या वर्गात गेले.

व्यवहारात यासाठी कोरा कागद पुरतो. व्याख्यानानंतर आठवेल तेवढे लिहावे, मग वहीशी ताडून सुटलेले मुद्दे भरावेत. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणीत दिवसाचे अंतर पुरते, वर्षभर लक्षात ठेवायचे तर तीनेक आठवड्यांचे.

सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर बरोबर आले की प्रश्नाचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा समोर येते. चुकले की पहिल्या कप्प्यात परतते. हेच काम आता ‘अंकी’ हे संगणकीय साधन करते. वैद्यकीय विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या या साधनाच्या जपानी नावाचा अर्थ आहे पाठांतर.