मनीऑर्डरवर नक्की कोण जगलं?

"कोकण मनीऑर्डरवर जगलं." निवडणूक आली की कुणीतरी हे वाक्य हमखास टाकतो आणि आपणही मान डोलावतो. जरा हिशोब मांडून बघूया.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरणगाव उभं राहिलं त्यात सगळ्यात मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा (आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्यातच होता). जमीन खोताची, भात वर्षभर पुरायचं नाही, म्हणून माणूस बोटीत बसायचा. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली आणि पैसे घरी यायला लागले. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण गिरणीचा पगार होता किती? एका माणसाचं भागून थोडं घरी पाठवता येईल एवढाच. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा गाववाले, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं, जेवायला खानावळ. बायकापोरं गावी. पोरगा वाढवला गावाने, तो गिरणीत आयता मिळाला. आजारी पडला की गावी, म्हातारा झाला की गावी. हा खर्च मालकाच्या वहीत कधी चढलाच नाही. तो भरला गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी. त्यांना कुणी मनीऑर्डर पाठवली नाही!

१८९६ ला प्लेग आला तेव्हा हे उघड झालं. माणसं गावी पळाली, गिरण्या ओस पडल्या. उरलेल्यांना टिकवायला काही मालक रोजचा पगार रोज द्यायला लागले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हाही कित्येकांनी गाव गाठलं आणि घरच्या तांदळावर दिवस काढले.

आलेला पैसा कुठे गेला? खोताचं देणं, सावकार, लग्न, घराची कौलं. मुंबईतल्या गावमंडळांनी वर्गणी काढून शाळा बांधल्या, ते मोठंच काम. पण नफा मुंबईतच राहिला. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं, तोवर गिरण्यांचे भोंगे जवळजवळ थांबले होते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. आधी फक्त पुरुष जायचे, आता अख्खी घरं कुलूपबंद होतायत.

कुणाच्या घरी जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या असतील तर रक्कम आणि साल कमेंटमध्ये टाका. त्या काळचा तांदळाचा भाव आठवत असेल तर तोही.