टेम्पीच्या कुरणातील विद्यापीठ

इ. स. १८८५. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील ॲरिझोना प्रांताला अद्याप राज्याचा दर्जा मिळालेला नव्हता. त्या वर्षी प्रांतिक विधिमंडळात सरकारी संस्थांची वाटणी झाली. फीनिक्सला वेड्यांचे इस्पितळ मिळाले व त्यासाठी एक लाख डॉलर मंजूर झाले. टूसॉनला विद्यापीठ मिळाले, पंचवीस हजारांचे. टूसॉनकरांना ते नकोच होते. त्यांचा डोळा राजधानीवर होता! टेम्पी नावाच्या लहानशा गावासाठी जॉन आर्मस्ट्राँग ह्या प्रतिनिधीने शिक्षक तयार करणारी एक शाळा मागून घेतली. तिच्या वाट्याला आले अवघे पाच हजार.

विल्सन दांपत्याच्या वीस एकरांच्या गुरचरणीत चार खोल्यांची इमारत उभी राहिली. ८ फेब्रुवारी १८८६ रोजी तेथे तेहतीस विद्यार्थी जमले. हायरम फार्मर हे मुख्याध्यापक, आणि शिक्षकही तेच एकटे. आपल्याकडील जुन्या ट्रेनिंग कॉलेजाची आठवण व्हावी असाच हा संसार होता.

पुढे १९२५ साली शाळेचे कॉलेज झाले व पदवी देण्याचा अधिकार आला. पण ती पदवी शिक्षणशास्त्राचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी साहाय्यावर शिकू इच्छिणारे सैनिक हजारोंनी परतले. त्या सर्वांनाच काही मास्तर व्हावयाचे नव्हते. १९४५ साली संस्थेच्या नावातून ‘शिक्षक’ हा शब्द गळाला, आणि अध्यक्ष ग्रेडी गॅमेज ह्यांनी तिचा विस्तार नेटाने चालविला. मात्र ‘विद्यापीठ’ ह्या नावाला टूसॉनकडून कसून विरोध झाला. एकेकाळी नकोशा वाटलेल्या देणगीत आता कोणी वाटेकरी नको होता! हा विरोध केवळ मत्सराचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी तिजोरी एक आणि घरे दोन, ही धास्ती खरीच होती.

अखेर गॅमेज व त्यांचे विद्यार्थी थेट मतदारांकडे गेले. सह्या गोळा करून नामांतराचा प्रस्ताव क्रमांक २०० मतपत्रिकेवर आणण्यात आला. कोणा विरोधकांनी क्रीडांगणाच्या हिरवळीवर ‘२०० नको’ अशी अक्षरे जाळून उमटविली. नोव्हेंबर १९५८ मध्ये मतदान झाले, आणि सुमारे दोनास एक अशा मतांनी ‘ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी’ हे नाव मंजूर झाले.

गॅमेज ह्यांना त्या नावाचे सुख जेमतेम वर्षभर लाभले. डिसेंबर १९५९ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले भव्य नाट्यगृह १९६४ साली खुले झाले. त्याचा आराखडा काढणारे फ्रँक लॉईड राइट हेही १९५९ सालीच वारले होते.