आमच्या घरची ठासणीची बंदूक आणि 1858 ची गोष्ट



ग्वाल्हेरला लश्करात आमच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीवर एक बंदूक आहे. लायसन्स दादांच्या नावावर. दसऱ्याला ती खाली उतरते, हळदकुंकू होतं, झेंडूचं फूल वाहतात, आणि मग दादा गोष्ट सांगतात. जून 1858 मध्ये तात्या टोपे आणि झाशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरात आल्या तेव्हा आपले खापरपणजोबा हीच बंदूक घेऊन त्यांच्या बाजूने लढले. दादांनी ही गोष्ट नानांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेली. दादा आज 86 वर्षांचे, मी 75.

गेल्या वर्षी नातवाने विचारलं, "आजोबा, ही बनवली कुणी?" आणि मी गप्प. बँकेत सही जुळल्याशिवाय कधी चेक पास केला नाही, पण घरच्या बंदुकीचं व्हाउचर काही तपासलं नव्हतं.

पहिलं काम, ती रिकामी आहे ना हे बघणं. नळीत तोंडाकडून वेताची काठी घातली, खूण केली आणि बाहेरून लावून पाहिली. काठी थेट बुडापर्यंत गेली होती, म्हणजे आत बार नाही. मग टेप लावली. नळी 39 इंच, एकूण लांबी 55 इंच, नळीला दस्त्याशी बांधणाऱ्या पट्ट्या तीन. हा 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्डचा साचा. होय, तीच एन्फिल्ड, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून 1857 साली भडका उडाला.

ही टोपीची बंदूक. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी पडून दारू पेटायची, पावसात दगा द्यायची. फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट 1807 साली घेतलं. पुढे तेच रसायन तांब्याच्या छोट्या टोपीत आलं. टोपी बोंडीवर बसवायची, घोडा आपटला की ठिणगी आत जाते. दारू आणि गोळी मात्र तोंडातूनच ठासायची.

आता खुणा. तिरप्या उजेडात मोबाइलने फोटो काढले. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर' हा शब्द आणि 1862 हे साल. मी चष्मा पुसून परत पाहिलं. 1862 च.

'टॉवर' वाचून बंदूक सरकारी असेल असं वाटतं. पण सरकारी बंदुकीवर मुकुटाखाली राणी व्हिक्टोरियाची अक्षरं आणि सरकारी मालाचा बाण असतो. इथे दोन्ही नाहीत. कंपनी सरकारचा सिंहही नाही. नळीवर मुकुट आणि एकमेकांवर आडवे दोन राजदंड आहेत, ती बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची खूण. 1813 च्या कायद्याने ते उभं राहिलं. तिथे जादा दारू भरून नळी उडवायचे, टिकली तर शिक्का. शेजारी दोनदा 25 चा आकडा. म्हणजे नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या 25 गोळ्यांचं वजन एक पौंड. हिशेब केला तर नळीचा व्यास साधारण 0.57 इंच येतो.

आणि बनवणारा? बर्मिंगहॅमच्या धंद्यात नळी एकाची, घोड्याची कळ दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा, आणि जोडणारा चौथाच. त्या वर्षांत अमेरिकेत यादवी चालू होती, दोन्ही बाजू बर्मिंगहॅमचा माल उचलत होत्या, म्हणून असा बाजारी माल ढिगाने निघाला. ज्यांच्या सायकली आपण चालवल्या ती बीएसए कंपनीसुद्धा तिथल्याच बंदूककारांनी 1861 साली काढली. तर नातवाला उत्तर मिळालं: एका माणसाने नाही, एका गावाने बनवली.

पण 1862 ची बंदूक 1858 ची लढाई कशी लढेल?

पणजोबांच्या मोडी वह्या ट्रंकेत होत्या. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवल्या. संवत 1934, म्हणजे 1877-78 च्या वहीत एक ओळ सापडली: विलायती ठासणीची बंदूक, नग 1, रुपये 9, लिलावात. ताळा जमला. 1866 पासून इंग्रजांनी मागून भरायच्या स्नायडर बंदुका घेतल्या, तेव्हा ठासणीच्या बंदुका स्वस्त झाल्या. पणजोबा खजिन्यात कारकून. रोकड घेऊन परगण्यात जावं लागे, त्यासाठी घेतली असणार.

दादांना सांगावं की नाही, यात महिना गेला. शेवटी वही आणि फोटो घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावून 1862 वाचलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नाना खोटं बोलले?"

मी म्हटलं, "दादा, नानांनी ऐकलेलं सांगितलं. खापरपणजोबा लढले नाहीत असं कुठे लिहिलंय? एवढंच, की ही बंदूक तेव्हा नव्हती."

ते म्हणाले, "नऊ रुपये! कारकुनाला तेव्हा थोडे नव्हते रे."

यंदाच्या दसऱ्याला मुलं जमली. मी काही बोलणार नव्हतो. दादांनीच सांगितलं, "ही बंदूक 1862 ची, बर्मिंगहॅमची. तुमच्या खापरपणजोबांच्या मुलाने स्वतःच्या पगारातून घेतली. लढाईची गोष्ट वेगळी, ती फूलबागेत समाधीपाशी सांगीन." आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून सगळ्यांना घेऊन गेले.

आपल्याकडे अशी जुनी वस्तू असेल तर एक विनंती. विटकरीच्या भुकटीने किंवा पॉलिश कागदाने घासू नका, खुणा जातात. लायसन्सची कागदपत्रं जपा. आणि मोडी वह्या रद्दीत देऊ नका, आमचं व्हाउचर तिथेच निघालं.